डिंक्याचा कप्पा

१२ जानेवारी

डिंक्या,

सापडलास मेल्या. म्हणजे तू नाही, तुझा कप्पा सापडला, पण माझ्यासारखीला तेवढंही पुष्कळ. सकाळपासून इतका आनंद झालाय की चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधला. तुझी आई म्हणाली, काय होतंय तुम्हाला. म्हटलं, काही नाही गं, थंडी बाधली.

माझं लिहिणं तुला ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटली. अक्षर कोंबडीच्या पायाचं, आणि सांगायला जाते एक, निघतं भलतंच. चालवून घे.

तर गेल्या आठवड्यात दारात एक गृहस्थ. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. मला वाटलं मीटर बघायला आलेत, मी स्टूल आणून दिलं. ते म्हणाले, मी मॉडेल मंडळाचा चिटणीस. आधी पोस्टात होते म्हणे, आता रिटायर. म्हणाले, तुमचा नातू दोन बैठका चुकला. तिसरी चुकली की नियमाप्रमाणे त्याचा कपाटातला कप्पा जातो, लोक नंबर लावून आहेत, तेव्हा सामान घेऊन जा. मी म्हटलं, कसलं मंडळ आणि कसला कप्पा. आम्ही समजत होतो तू रविवारी सिनेमाला जातोस. मी तर तुझ्या आईला म्हणायचे, पोरगी असेल कोणीतरी, बरंच आहे.

मग ते बोलता बोलता बोलून गेले की पत्रकं पाठवायला तू त्यांना नवा पत्ता कळवला आहेस. माझ्या हातातलं भांडंच पडलं. मी पत्ता मागितला, तर म्हणाले, घरच्यांना देऊ नका असं त्याने लिहिलंय, मी शब्द दिलाय. मी हात जोडले, रागावून पाहिलं, चहात जास्तीची साखर घातली. पण पोस्टातला माणूस रे तो. पाकीट पोचवणं हा त्यांचा धर्म आणि पत्ता फोडणं पाप. शेवटी एवढं कबूल केलं की मी पत्र लिहून द्यावं, ते वर पत्ता घालून टाकतील. मी अजून थोडं रेटलं. म्हटलं, बैठकीला कोणी यायचं, नियमात काय शब्द आहेत नेमके. तर म्हणाले, 'सभासद किंवा त्याच्या घरचं माणूस'. म्हटलं, मग मी काय शेजारची आहे का?

म्हणून आज तुझ्या जागी बैठकीला गेले.

सायकलच्या दुकानावरची ती खोली, लोखंडी जिना, वर पोचेपर्यंत गुडघ्यांनी माझा उद्धार केला. आत रंगाचा आणि रॉकेलसारखा वास. लांब टेबल, आणि टकलं पडलेली, पोटं सुटलेली मोठमोठी माणसं चिमट्याने आगपेटीएवढ्या गाडीला दार लावत बसलेली. कोणी मान वर करेना. मला वाटलं इथे कोणीतरी गेलंय. मग कळलं, नाही, हे आनंदात आहेत.

तुला सगळं माहीत आहे म्हणा. प्रत्येकाने अर्धवट काम टेबलावर ठेवायचं, दुसऱ्याने बोट लावायचं नाही. आणि बोलायचं ते आधी एक गोड, मग एक खोट. मला हे फार आवडलं. आपल्या घरात हा नियम असता तर. तुझ्या आजोबांनी मला आयुष्यभर खोट तेवढी सांगितली, गोड सांगायच्या आधीच गेले.

तुझ्या खुर्चीवर बसले होते. टेबलाच्या खालच्या कडेला तुझा डिंक वाळून बसलाय. सगळे विमानाच्या पंखाबद्दल बोलत होते आणि मी तो डिंक नखाने चाचपत होते.

कप्पा राखलाय. तू फक्त कधी येतोस ते कळव. बाबा बरा आहे.

आजी

९ फेब्रुवारी

डिंक्या,

तुझं उत्तर आलं नाही. चिटणीस म्हणतात पोस्टाला हल्ली वेळ लागतो. पोस्टातला माणूस पोस्टाला नावं ठेवतोय म्हणजे खरंच असणार, किंवा मला धीर देत असणार.

आता हस. मला त्यांनी बैठक चालवायला बसवलंय.

तुला दातांचे डॉक्टर आणि घड्याळवाले माहीतच आहेत. मंडळ दोघांनी मिळून काढलं आणि कुठल्याशा आगबोटीच्या गुणांवरून बोलणं सोडलं. एक खुर्चीवर बसला तर दुसरा जिना उतरतो. गेल्या खेपेला दोघेही अडून बसले, बैठक सुरूच होईना. मी म्हटलं, अहो, दोन सुनांच्या भांडणात भात करपतोय, कोणीतरी झाकण काढा. तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. घड्याळवाले म्हणाले, यांनाच बसवा, यांना यातलं काहीच कळत नाही, म्हणजे कोणाची बाजू घेणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, मान्य. चिटणीस म्हणाले, इतक्या वर्षांत हे दोघे पहिल्यांदा एका गोष्टीला मान्य झालेत. माझ्या अडाणीपणाचा एवढा मान कधी झाला नव्हता.

चालवते कशी, तर पेला आणि चमचा. कोणी फार लांबण लावली की टण्. आधी खोट बोलायला गेला की टण्. विमानवाली नर्स आहे ना, ती बोलायलाच लाजते, तिला मी सगळ्यात आधी बोलायला लावते, म्हणजे मागाहून तिचं कोणी ढापत नाही. तंट्याला कारण ते गुण, म्हणून गुणांचे कागदच बंद केले. घरून बटणांचा डबा नेला. प्रत्येकाला एक बटण, जे काम आवडलं त्याच्यासमोरच्या वाटीत टाकायचं. स्वतःच्या वाटीत टाकलं तर सगळ्यांना चहा करायचा. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी चहा केला.

आणि एक गंमत स्पर्धा घेतली. सगळ्यांना सारख्याच आगपेट्या, दोरा आणि वर्तमानपत्र, उठायच्या आत काहीतरी करून दाखवा. डॉक्टरांनी वजन उचलायची क्रेन केली. घड्याळवाल्यांनीही क्रेनच केली. झालं, तू माझं पाहिलंस, तू माझं पाहिलंस, आणि तेही एकमेकांशी न बोलता, चिटणिसांना मध्ये घालून. मी एकीचा हूक दुसरीच्या दोऱ्याला अडकवला आणि म्हटलं, आता ओढा, बघू कोण जिंकतं. दोन्ही कोसळल्या. सगळे इतके हसले की सायकलवाला वर बघायला आला.

मीही हसले. मग चिटणिसांनी तुझ्या कप्प्याची किल्ली दिली. म्हणाले, मोठी स्पर्धा मार्चमध्ये आहे, कप्पेवाल्या प्रत्येकाने काहीतरी मांडावंच लागतं.

मी दार उघडलं तर आत आपला ट्रक.

निळा. डावं दार हिरवं, त्या घाटातल्या अपघातानंतर दुसऱ्या गाडीचं बसवलं होतं ते. नंबरही तोच. समोर आडवी चीर गेलेली काच, आणि स्टेपनीच्या चाकाची जागा रिकामी. सगळा माझ्या वितीत मावेल एवढा. मला खाली बसावं लागलं. नर्सने पाणी आणलं. मी म्हटलं, जिना चढून धाप लागते हो.

बाबाने ज्या दिवशी ट्रक भंगारात दिला, त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तू चिमट्यात एक चाक धरून बसला होतास. तो म्हणाला, माझी गाडी गेली आणि हा बैल खेळण्यातल्या गाड्या जोडतोय. आणि हाताने टेबल पुसावं तसं सगळं खाली लोटलं. सकाळी पाहिलं तर तुझी पिशवी नव्हती. तू कुठल्या गाडीचं चाक करत होतास ते त्याला माहीत नाही रे. मलाही नव्हतं. तू सांगितलं का नाहीस, एवढं एकच विचारते, बाकी काही विचारत नाही.

ट्रक स्पर्धेत मांडणार आहे. आत चालवणारा पाहिजे म्हणून घरून एक बाहुला नेला, तर घड्याळवाले म्हणाले, आजी, हा आत उभा राहिला तर टपातून डोकं वर काढील. प्रमाण म्हणून काही असतं. मी म्हटलं, आमच्याकडे कशालाच प्रमाण नाही, ना रागाला ना मायेला.

बाबाला सांगितलेलं नाही. त्याला वाटतं मी गुडघ्याच्या व्यायामाला जाते. तो बरा आहे. खिडकीत असतो. रस्त्यावरून गाडी गेली की पुटपुटतो, सेकंड गिअर उशिरा टाकला. दिवसभरात तेवढंच बोलतो.

लिही रे.

आजी

८ मार्च

डिंक्या,

आज अक्षर रोजच्याहून वाईट, लाव तसं लागेल.

आधी तुला गोड सांगायचं तर मंडळ नीट चाललंय. आता खोट.

मागच्या बैठकीत चिटणिसांनी स्पर्धेचे नियम वाचले. त्यात होतं की कामावर धूळ दिसली तर नाव खाली जातं. मी घाबरले. तुझा ट्रक तर नुसता मळलेला, चाकांना चिखल, बॉडीला गंज, मागे काळं. मला वाटलं इतके दिवस कप्प्यात पडून राहिलाय. आज खोली उघडून घेतली, बेसिनमध्ये कोमट पाणी, साबणाचा चुरा आणि जुना दात घासायचा ब्रश. असा निगुतीने धुतला, तुला लहानपणी कान धरून न्हाऊ घालायचे तसा. पाणी तांबडं झालं, मग काळं झालं. मला काय आनंद झाला रे. म्हटलं, किती घाण साठली होती. टॉवेलने टिपला. निळा असा लखलखला की वाटलं आत्ताच शोरूममधून आणलाय. फक्त खालून घासला नाही, उताणा केला तर बाजूचे आरसे मोडतील म्हणून.

मग घड्याळवाले आले. ट्रककडे पाहिलं आणि उभ्याउभ्याच खुर्ची शोधायला लागले. त्यांच्या मागून डॉक्टर आले. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेवटी घड्याळवाले डॉक्टरांना म्हणाले, तू सांग त्यांना. डॉक्टर म्हणाले, माझ्याने नाही होणार, तूच सांग. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले ते हे.

मग मला समजावलं. तो मळ नव्हता. त्याला मंडळात ऊन-पाऊस देणं म्हणतात. नवी कोरी गाडी खोटी दिसते, म्हणून तिच्यावर तिचं वय रंगवायचं. तू पूर्ण वर्ष त्या गंजावर बसला होतास. भुकटी करायची, फुंकरीने बसवायची, थेंबाने ओघळ ओढायचा. डॉक्टर म्हणाले, असा गंज मंडळात कोणाला साधला नव्हता, आम्ही दोघांनीही त्यावरून भांडण केलं नाही, यातच काय ते समजा.

मी म्हटलं, तुम्ही परत लावा, तुमच्या पाया पडते. दोघेही मान हलवत राहिले. ज्याची गाडी त्याचा हात. दुसऱ्याचं बोट लागलं तर ते काम त्याचं राहात नाही. आणि त्यांनी लावलं तरी तो दुसऱ्याच कुठल्या ट्रकचा गंज होईल. आपल्या ट्रकचा गंज कुठे होता ते त्यांना काय ठाऊक.

लेकरा, तुझी आजी मूर्ख आहे. मला वाटेल ते बोल, पण बोल. येऊन तोंडावर बोललास तरी चालेल. येऊन बोललास तर फार बरं.

आजी

१५ मार्च

तुझी दोन ओळींची चिठ्ठी चिटणिसांना आली. त्यांनी मला वाचून दाखवली. त्यांना वाटलं माझा चष्मा घरी राहिलाय, मीही वाचू दिली. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जरा कमी लागेल वाटलं होतं.

कप्पा दुसऱ्याला द्या. ट्रक टाकून द्या. या महिन्याच्या अखेरीला कंपनीच्या कामावर समुद्रापलीकडे निघतोय, दोन वर्षांचा करार आहे, यापुढे पत्रं पाठवू नका.

मी पत्रांत लिहिलं त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे तू ती फोडलीच नाहीस की फोडून असं लिहिलंस, यातलं वाईट कोणतं ते मला ठरवता येईना.

आता मी लपवून ठेवलेलं सांगते, कारण लपवून काय उपयोग झाला. बाबा बरा नाही. मी दोनदा बरा आहे लिहिलं ते तुला ओझं नको म्हणून. तो जेवत नाही. ताटावर बसतो, भाताचे डोंगर करतो, उठतो. पँट दोरीने बांधतो आता. डॉक्टरकडे नेला, दातांच्या नाही, खऱ्या, ते म्हणाले आजार काही नाही, माणसाला काहीतरी करायला द्या. काय देऊ? गाडी त्याच्याकडून डोळ्यांनी काढून घेतली. आणि तुला त्याच्याकडून त्याच्याच जिभेने काढून घेतलं. तो रोज तुझ्या कॉटवरची चादर झटकतो. कोणी पाहिलं तर म्हणतो, धूळ बसते.

दोन वर्षं म्हणतोस. तुझ्यासारख्याला दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. इथे मी जिन्याच्या पायऱ्यांशी तह करत चढते आणि तो घास गिळत नाही. दोन वर्षांनी तू येशील तेव्हा दार कोण उघडेल याची मला खात्री नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. धमकी द्यायला अंगात जोर लागतो.

कप्पा मी देणार नाही. येत्या बैठकीत नवा नियम करणार आहे. कप्पा सोडायचा तर सभासदाने स्वतः येऊन तसं माझ्यासमोर सांगायचं. बैठक मी चालवते. बघू कोण टण् करतं.

ये. नको जाऊस. जायचंच असेल तर येऊन जा.

आजी

२४ मार्च

डिंक्या,

काल स्पर्धा झाली. नियमही झाला. डॉक्टरांनी मांडला, घड्याळवाल्यांनी अनुमोदन दिलं, चिटणीस म्हणाले घटनेत असं बसत नाही, तर दोघं एकदम त्यांच्यावर खेकसले. असे जोडीने खेकसले की जणू कधी भांडलेच नव्हते.

पण त्याच्या आधीचं सांगते. काल सकाळी मी बाबाला म्हटलं, गुडघा अगदी धरलाय, मला जिना चढवून दे. खोटं नव्हतं, पण रोजच्याइतकाच धरला होता. तो उठला. आईला एकटीला चढू देईल असा तो नाही, एवढं मात्र त्याचं शाबूत आहे. मला पायरी पायरी चढवली, वर पोचल्यावर म्हणाला, इथे व्यायाम करतात? मी म्हटलं, आत तर ये.

टेबलावर सगळी कामं मांडलेली. विमानं, आगबोट, नर्सचं छोटं विमानतळ. तुझा ट्रक मी कोपऱ्यात ठेवला होता, लाजेने. बाबा दुरून बघत आला, हात पाठीमागे बांधून, पाहुणा बघतो तसा. ट्रकपाशी आला आणि थांबला. मी पेला आणि चमचा धरून बसले होते.

मग म्हणाला, इतका स्वच्छ कधीच नव्हता.

मी सांगितलं, मी धुतला. कोणी केला तेही सांगितलं. त्या दिवशी चिमट्यात कसलं चाक होतं तेही सांगितलं. तो माझ्याकडे बघेना. हिरव्या दाराकडे बघत होता.

मग डॉक्टरांनी काय केलं बघ. खिशातून दातात घालायचा तो लांब दांड्याचा बारीक आरसा काढला, हळूच ट्रकच्या खाली धरला आणि बाबाला म्हणाले, इथून बघा, खालचं अजून त्याच्या हातचं आहे. बाबा गुडघ्यावर बसला. टेबलाला हनुवटी टेकवली. आरशात तुझा चिखल, तुझा गंज, दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे पट्टे, आणि मधे एक काळा ओघळ. ओला असावा असा.

"इथूनच ऑइल गळायचं," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे त्याला कसं ठाऊक? खाली मी एकटाच जायचो."

मी म्हटलं, "आणि टॉर्च कोण धरायचं?"

डिंक्या, माझा मुलगा, एवढा दांडगा, टेबलाला हनुवटी लावून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. घड्याळवाले खिडकीपाशी गेले. चिटणीस पेनं मोजायला लागले, दोनच आहेत तरी.

मग तो उठला. डॉक्टरांच्या ट्रेमध्ये रंग होते, बारीक ब्रश होता. त्याने ब्रश उचलला. म्हणाला, पायरीजवळचा गंज मला माहीत आहे, रोज तिथेच पाय द्यायचो. डिझेलच्या टाकीवरचा पोपडा माहीत आहे. सगळं माहीत आहे, लावतो. आणि हात पुढे केला.

अख्खी खोली माझ्याकडे बघत होती. डॉक्टर मला मानेने खुणावत होते, लावू द्या म्हणून. घड्याळवालेही. तो नियम त्यांनीच केलेला, पण तेही म्हणत होते, लावू द्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोराच्या हाताला काही करावंसं वाटत होतं. मी आई आहे रे त्याची. मला का नको होतं?

मी पेल्यावर चमचा मारला.

म्हटलं, "हात लावू नकोस. ज्याची गाडी त्याचा हात."

तो म्हणाला, "माझी गाडी आहे ती, आई."

"तुझी भंगारात गेली. ही त्याची आहे."

ब्रश तसाच हवेत. मला वाटलं आता हा हाताने टेबल पुसून काढतो. ती आगबोट, ती विमानं, सगळं. नर्सने आपलं विमानतळ दोन्ही हातांनी कवटाळलंसुद्धा. पण त्याने ब्रश ठेवला. होता तिथे, होता तसा. म्हणाला, मग त्याला बोलवा.

मी म्हटलं, "मी बोलावून थकले. आता तू."

बटणं टाकली गेली. आगबोट पहिली आली, तो तपशील तुला नंतर सांगेन, डॉक्टरांना परत चहा करावा लागला. आपल्या वाटीत फारसं काही पडलं नाही, धुतलेल्या ट्रकला कोण टाकणार. मी बैठक संपवली आणि आम्ही चिटणिसांना घेरलं. पत्ता द्या. ते रडकुंडीला आले. म्हणाले, शब्द दिलाय हो, सगळा जन्म पोस्टात गेला, आजवर कोणाचं पाकीट फोडलं नाही. घड्याळवाले म्हणाले, पत्ता सांगू नका. तुम्ही स्वतः त्याला भेटायला जा, मंडळाचा चिटणीस सभासदाला भेटायला जाऊ शकतो की नाही? जाऊ शकतो, चिटणीस म्हणाले. आणि वाटेने तुमच्या मागून कोणी चालत आलं तर तो तुमचा दोष आहे का? चिटणिसांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, सार्वजनिक रस्त्यावर मी कोणाला मनाई कशी करणार.

तर चिटणीस आणि बाबा आज दुपारच्या बसने निघतायत. तुझी आई डबा भरतेय, बाबा म्हणतो नको, ती तरी भरतेय. त्याला दुसऱ्याच्या गाडीत बसलं की मळमळतं, सगळ्या ट्रक चालवणाऱ्यांचं असंच असतं म्हणे, तेव्हा तो वाटेत काही खाणार नाही. शर्ट तीनदा बदलला. मी विचारलं, तिथे जाऊन काय बोलशील. म्हणाला, मला नाही येत बोलायला, तू लिहून दे.

म्हणून हे लिहून देतेय. मी त्याला सांगितलंय, दार वाजव, पत्र पुढे कर, आणि मागे सरून उभा राहा. आत बोलावल्याशिवाय जायचं नाही. तो ऐकेल. काल त्याने माझं ऐकलं.

तू जाऊ नकोस असं यात मी लिहिलेलं नाही, पुन्हा बघ. ते त्याने म्हणायचंय. त्याला म्हणता येईल का ते मला ठाऊक नाही. मघाशी न्हाणीघरात दार लावून काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक तेच पाठ करत होता.

तर तू आता दारात उभा राहून हे वाचत असशील. दोन पावलं मागे सरून तो उभा आहे. चिटणीस रस्त्यावर थांबलेत, त्यांनी काही पाहिलेलं नाही. सावकाश वाच, माझं अक्षर वाईट आहे. पण फार वेळ लावू नकोस, उभं राहिलं की हल्ली त्याचे पाय दुखतात.

आजी